टेबलावरची लढाई

आई,

मी नागभीडले ड्युटीवर चाललो. तू झोपली होती, म्हणून उठवलं नाई. वरण-भात गॅसजवळ झाकून ठेवला आहे.

काल तुह्यावर ओरडलो. टेबलावर मांडलेल्या आमच्या चांद्याच्या किल्ल्याच्या लढाईच्या खेळात जो शिपाई मरते, त्याले आम्ही आडवा ठेवतो. तू टेबल पुसतानी मी रंगवलेले ते बोटाएवढे शिपाई सगळेच उभे करून ठेवले. रविवारी विक्की आरमोरीहून खेळाले येईल, तवा अर्धा राह्यलेला डाव कुठून धरायचा, याचाच राग आला मले. "तुले कोनं सांगतलं हात लावाले?" म्हटलं. तू म्हणाली, "मले वाटलं, पडले बिचारे." अन् खाली चटईवर जेवाले बसली.

जेवल्यावर तू भिंत धरून उठून राह्यली होती, तवा माह्या ध्यानात आलं. दिवाळीपासून जेवणाचं टेबल माह्या लढाईनं अडवलं, अन् तू दुखऱ्या गुडघ्यानं रोज खाली बसते.

आता टेबल रिकामं आहे. खुर्चीवर बसूनच जेवजो. शिपाई माह्या खोलीतल्या फळीवर मांडले. तू केले होते तसेच उभे. एकही आडवा नाई केला.

निकेश