चिमीच्या हाडातला मगज

४ जून
ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.
बाळाचा ताप उतरला, पण एवढ्यात आनंद करू नकोस. खरं कारण आता कळलं. रोगाशी लढणाऱ्या पेशी आपल्या हाडांतल्या मगजात जन्मतात. त्यांतल्या काही छातीच्या हाडामागच्या छोट्या ग्रंथीत जाऊन तयार होतात. आपलं कोण, परकं कोण ते तिथे शिकतात. जी पेशी आपल्याच अंगावर उठते, ती तिथेच संपते. बाळाच्या मगजातून या पेशी निघतच नाहीत. ग्रंथी आहे, पण ओस.

दुसऱ्याचा मगज दिला नाही तर बाळ वर्ष काढणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आमचा दोघांचाही जुळला नाही. चिमीचा जुळला. सहा वर्षांच्या पोरीच्या कमरेच्या हाडात सुई! हे म्हणतात, तिला काही सांगूच नका. माझं मन घेत नाही, आणि सांगायला जीभही रेटत नाही. ती तुझ्याकडेच आहे. तू सांगशील?
लोभ आहे तसाच ठेव; सध्या त्यावरच दिवस ढकलते आहे.
धाकटी

९ जून
चि. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.
शिवणयंत्र थांबवून चिमीला जवळ घेतलं. दुखेल का, हे तिने आधी विचारलं. झोपेत नाही, उठल्यावर दुखेल, असं मी सांगितलं. बटणांच्या डब्यात हात घालून बटणं चिवडली, मग देईन म्हणाली. मी सुटले म्हणेपर्यंत तिने विचारलं, माझं घेऊनही बाळ मेलं तर सगळे मला रागावतील का? मी नाही म्हटलं, पण माझा शब्द तिला चालत नाही. आईने लिहून द्यावं म्हणते. हट्टात तुझ्यावरच गेली आहे.
जिवाला जप, जेवत जा.
ताई

१२ जून
चि. चिमीस,
आईचा गालगुच्चा.
बाळ मेलं तर आम्ही खूप रडू. तुला रागावणार नाही. तेव्हाही नाही, तू मोठी झाल्यावरही नाही. तुझ्या पेशी बाळाकडे गेल्यावर पुढचं तुझ्या हातात नाही, माझ्याही नाही. भीती वाटली तर वाटू दे. मलाही वाटते. खाली बाबांचीही सही आहे.
तुझी आई

२० फेब्रुवारी
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
मगज दिल्यावर चिमीच्या पेशी बाळाच्याच अंगावर उठल्या आणि पुरळाने तो लाल झाला, तेव्हा तू इथे होतीस म्हणून मी उभी राहिले. औषधांनी ते शमलं. नंतर इतके महिने नुसती वाट पाहिली. आता तपासणीत नव्या पेशी दिसल्या. मूळ चिमीचं, पण तयार झालेल्या बाळाच्याच ग्रंथीत. धोका टळला, असं मात्र अजून कुणी म्हणत नाही.

गेल्या आठवड्यात त्याचं नाक वाहू लागलं आणि मी त्याला घेऊन दवाखान्यात धावले. लगेच दाखल करून घेतलं. सगळे नुसते बघत राहिलो. पडसं आलं, दोन-चार दिवस राहिलं आणि आपलं आपण गेलं. ताई, शेंबडं पोर एवढं देखणं दिसतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
तुझी माया अशीच असू दे.
धाकटी