चावलेला चमचा

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, शिक्षण दुसरी पास (तिसरीत महिनाभर), हे मृत्युपत्र कुणाच्या धाकाने नाही, माझ्या खुशीने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. पाय तेवढे ठिकाणावर राहत नाहीत, सकाळपासून सातदा उठले. गॅसवर काही नाही, तरी बघून येते. वकीलबाई म्हणाल्या, "आजी, थोडक्यात लिहा." बरं.

कलम एक. घर थोरल्याला आणि धाकटीला, निम्मं निम्मं. स्वयंपाकघराची भिंत पाडायची नाही. थोरला ती येताजाता टकटक वाजवून बघतो. मी अजून बहिरी झालेले नाही.

कलम दोन. ह्यांची कुलपं दुरुस्त करायची हत्यारं नातीला. सहा वर्षांची असताना तिने मला न्हाणीघरात कोंडलं, आणि केसातल्या पिनेने सोडवलंही तिनेच. पोरीला हात आहे.

कलम तीन. नणंदेला माझी बिनझाकणाची किटली. झाकण बावीस वर्षं तिच्याच फडताळात आहे. आता सुखाने चहा प्यावा.

कलम चार. (पाणी पिऊन आले.) शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली, मिठाचा लाकडी चमचा आहे. तो सूनबाईला.

याचं कारण लिहायला हवं. आम्ही आजारी पडलो, रुसलो, शाळेत मार खाल्ला, की माझी आई बटाट्याचा पातळ रस्सा करायची. मीठ एक चमचा. मी सहा वर्षांची होते, दात हलत होता, चमचा चाटता चाटता कचकन चावला. दातही पडला आणि चमच्याची कडही. आई भांड्यात दात शोधत बसली, "दात काय, परत येईल गं, चमचा कुठून येणार?" म्हणाली आणि हसत सुटली. पुढे त्याच तुटक्या चमच्याने मीठ घालू लागली. मीही.

सूनबाई आली, तिने विचारलं, "आई, मीठ किती?" म्हटलं, "एक चमचा." कुठला, ते सांगितलं नाही. तिने आपला अख्खा चमचा घातला. तेव्हापासून अठरा वर्षं मी जेवताना म्हणते, "जरा खारटच झालाय गं." पोस्टाच्या खिडकीवर दिवसभर उभी राहून ती घरी येते, रांधते. एकदा थोरला म्हणाला, "आईच्या हाताला चवच निराळी." तिने मुकाट्याने ताट उचललं. माझ्या हातात काही नव्हतं हो. चमच्यात होतं.

वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच उघडतात. म्हणजे ती हे वाचणार, आणि चुकलं म्हणायला मी नसणार. हे काही पटेना. उठलेच.

परत बसले. काय झालं ते लिहिते. सूनबाई बटाटे सोलत होती. चमचा पुढे केला, सगळं सांगितलं. तिने मानही वर केली नाही.

"माहितीय."

"कधीपासून?"

"तिसऱ्या वर्षापासून. तुम्ही शिवणाचा डबा उघडा टाकून दवाखान्यात गेला होतात. चमच्याला मीठ चिकटलेलं होतं."

"मग मीठ कमी का नाही केलंस, भवाने?"

"केलं की! सात वर्षं बरोबर पडत होतं. तुम्ही तेव्हाही खारटच म्हणालात."

माझी जीभ म्हणजे!

"मग बाबा गेले. तुम्ही चार महिने खिडकीशी बसून होतात, हूं नाही की चूं नाही. एक दिवस माझ्या हातून मीठ खरंच जास्त पडलं, आणि तुम्ही तरातरा उठून आलात भांडायला. म्हटलं, औषध सापडलं. तेव्हापासून अख्खा चमचा घालते."

मला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही. तिने चमचा धुतला, पुसला, मिठाच्या बरणीत ठेवला.

सबब कलम चार रद्द. वस्तू हातोहात दिली.

कलम पाच, नवीन. मी गेले असं डॉक्टरांनी सांगितलं, तरी लगेच धरून चालू नये. सूनबाईने रस्सा करावा, अख्ख्या चमच्याने दोन चमचे मीठ घालावं आणि भांडं माझ्या उशाशी ठेवावं. तरीही मी उठून नावं ठेवली नाहीत, तरच हे मृत्युपत्र उघडावं.

सही: आजी (थोडी वाकडी, पण माझीच)
साक्षीदार १: शिंपीणबाई, वरचा मजला
साक्षीदार २: कोपऱ्यावरचा औषधवाला (रस्सा चाखून सही केली, अळणी म्हणाला)
ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल
तारीख: आजची, रस्सा बरोबर झाला तो दिवस