सकाळी साडेनऊपासून मॅनेजर

आदरणीय महेंद्रमामांना,
निमोण्याहून तुमची भाची रुपाली हिचा सप्रेम जय भीम.

तुमची तब्येत ठणठणीत असेल, मामींचा गुडघा त्यांचं ऐकत असेल, आणि रेल्वेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी दौंड स्टेशनात शिरणारी प्रत्येक गाडी तुम्ही अजून घड्याळाशी ताडून बघत असाल, असं धरून चालते. इकडं सगळे बरे. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण अवघड विषय निघाला की तुमच्या फोनची रेंज जाते. पत्राची जात नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्हांला ठाऊकच आहे, शिरूरजवळच्या ज्या कंपनीत ब्रेकचे पार्ट बनतात तिथं मला अकरा वर्षं झाली. आमचे क्वालिटी मॅनेजर दोन वर्षांपूर्वी सोडून गेले. तेव्हापासून त्यांचं काम मी करते आणि त्यांची खुर्ची हेल्मेटं सांभाळते. त्या जागेसाठी मी दोनदा अर्ज दिला. दोन्ही वेळा प्लँटहेड रविराज साहेब म्हणाले, "बघू." (मामा, बघू म्हणणारा माणूस त्यानंतर बघत नाही, असा माझा अनुभव आहे.)

तर मे महिन्यात अमेरिकेतल्या मुख्य ऑफिसातून मेल आला. तुमच्या कारखान्यात वरच्या जागांवर हिस्पॅनिक किती, महिला किती, आणि ही संख्या वाढवायला तुम्ही काय करताय, ते कळवा. पंधरा दिवसांनी आमच्या मॅडम येऊन स्वतः बघतील. एचआरचे सत्यजीत सर 'महिला' या रकान्यावर फार अडले नाहीत, तिथं शून्य होतं. पण हिस्पॅनिक म्हणजे काय ते कोणालाच सांगता येईना. स्टोअरच्या पोपटरावांना विचारलं, तर ते रजिस्टर उघडून म्हणाले, "मागच्याच महिन्यात संपलं साहेब, नवीन ऑर्डर टाकलीया." मग कोणीतरी सांगितलं, की ते स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखातले लोक. लगेच पेंटशॉपमधल्या गोव्याच्या एका पोराला बोलावून चहा पाजला. तो बिचारा म्हणाला, आमच्याकडं पोर्तुगीज आले होते, हे वेगळे. चहा अर्धाच राहिला.

शेवटी मी म्हणाले, "सर, तिकडं जी माणसं राबायला पुष्कळ असतात आणि मीटिंगच्या टेबलाशी दिसत नाहीत, त्यांच्याबद्दल विचारतायत. तशी माणसं आपल्याकडं आहेत. नाव वेगळं आहे, एवढंच." सत्यजीत सरांनी तो मेल वरून खालपर्यंत पुन्हा वाचला. मग म्हणाले, त्याचा रकाना नाहीये.

महिलांचा प्रश्न मात्र त्यांनी दोन दिवसांत सोडवला. पॅकिंग आणि कँटीनमधून सात जणी निवडल्या, आठवी मी. शिरूरच्या लग्नाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानातून आठ कोट आणले. (माझ्या कोटाच्या बाह्या बोटांच्या टोकापर्यंत आल्या आणि खिशात अक्षता निघाल्या. कोणाच्या लग्नातल्या, देव जाणे. नांदा सौख्य भरे.) प्रत्येकीपुढं पाटी. माझ्या पाटीवर 'रुपाली ओव्हाळ, क्वालिटी मॅनेजर'. कँटीनच्या साखरबाईंपुढं 'लॉजिस्टिक्स'. रविराज साहेबांनी बजावलं, हसायचं, बोलायचं नाही, सहा वाजता कोट आणि पाट्या जमा करायच्या.

मामा, खरं सांगते, ती पाटी बघून मला आधी आनंद झाला. अगदी अर्धा मिनिट. मग संताप आला. दोनदा अर्ज देऊन जे मिळालं नाही, ते एका दिवसासाठी भाड्याच्या कोटाबरोबर आलं होतं. मी तेव्हाच ठरवलं, कोट परत जाईल, पाटी जाणार नाही.

मॅडम आल्या. वय पन्नाशीचं, बुटक्या, पायात सेफ्टी शूज. त्यांनी सगळ्यांत आधी साखरबाईंनाच विचारलं, तुम्ही नेमकं काय बघता? मी मराठीत सांगितलं. साखरबाई ताठ बसून म्हणाल्या, "रोज चारशे ताटं, साडेबाराला. नऊ वर्षांत एकदाबी उशीर न्हाई." मी त्याचं इंग्रजी केलं. मॅडमनी वहीत लिहून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, मार्चमध्ये गिऱ्हाइकानं माल परत का पाठवला? रविराज साहेब म्हणाले, मशीन जुनं झालंय. माझा हात वर गेला (बाहीतून बाहेर यायला वेळ लागला). मी सांगितलं, मशीन चांगलं आहे. भट्टीचं तापमान दाखवणारा मीटर वीस अंश कमी दाखवत होता. त्यावर मी चार मेल केले होते. माझं इंग्रजी शॉपफ्लोअरवरचं, पण वीस अंश कुठल्याही भाषेत वीसच.

मॅडमनी पाटी वाचली. "तुम्ही मॅनेजर कधीपासून आहात?"

"आज सकाळी साडेनऊपासून."

"आणि कधीपर्यंत?"

"संध्याकाळी सहापर्यंत."

रविराज साहेबांनी पाण्याची बाटली उघडली आणि प्यायचं विसरले. आता ही नोकरीही गेली, असं वाटलं. पण मॅडम उठल्या, माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, ते चार मेल दाखवा. पुढचा दीड तास आम्ही दोघी भट्टीपाशी होतो. तिथं कळलं, त्यांचे आईवडील मेक्सिकोतून येऊन दुसऱ्यांच्या शेतात टोमॅटो तोडायचे. मी म्हणाले, माझी आई चांगुणा निमोण्यात दुसऱ्यांचे कांदे काढायची. त्या मीटरवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

त्यांनी मला जागा बहाल केली नाही, हे मुद्दाम लिहिते. महिनाभरात जागा रीतसर जाहीर झाली, लेखी परीक्षा झाली, मुलाखती झाल्या. आम्ही तिघं होतो, दोन पुरुष आणि मी. गुरुवारी मला पत्र मिळालं. सहा महिने कसोटीचे आहेत, आणि रविराज साहेब अजून 'बघू'च म्हणतात. पण आता मी तारीख विचारते. साखरबाई कँटीनच्या सुपरवायझर झाल्या. हिस्पॅनिकच्या रकान्यात सत्यजीत सरांनी 'एक, पाहुण्या, एका दिवसासाठी' असं लिहिलं.

मामींना नमस्कार.

तुमची,
रुपाली

ता. क. : पत्राचं खरं कारण. आमच्या मेंटेनन्स विभागात पहिल्यांदाच मुलींसाठी दार उघडलंय. तुमच्या तेजश्रीचा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा दीड वर्ष कपाटात पडून आहे. शिफ्टची नोकरी मुलीच्या जातीला झेपत नाही, असं तुम्ही म्हणता. तुम्ही स्वतः चौतीस वर्षं शिफ्ट केलीत मामा, आणि तेव्हा घर मामींनी चालवलं. म्हणजे तीही शिफ्टच. तिला पाठवा.

ता. क. २ : खरं तर 'पाठवा' हा शब्द आता चालत नाही. मागच्या शनिवारी ती मैत्रिणींबरोबर वढू बुद्रुकला गेली होती, असं तुम्हांला वाटतंय. ती इथं परीक्षेला बसली होती. मी नातेवाईक म्हणून त्या खोलीकडं फिरकलेही नाही. एकवीस जणांत ती दुसरी आली. सोमवारी हजर व्हायचंय. मामींना सगळं माहीत आहे, त्यांनी तिची बॅगही भरलीय. तुम्ही फक्त तिला गाडीचं टायमिंग सांगा.