आगीचं कारण

४ नोव्हेंबर, गुरुवार

प्रिय खिळ्या,

थोरल्या बहिणीनं पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहायचे असतात, ते लिहिले असं समज. तू बरा असशील. मी बरी आहे. गुडघे सोडले तर बाकी सगळं जागच्या जागी आहे. गुडघेही जागच्या जागीच आहेत म्हणा, हलत नाहीत एवढंच.

आबा गेल्याचं कार्ड टाकलं होतं, त्यानंतर एकोणीस वर्षांनी हे पहिलंच पत्र, आणि तेही कंपनीच्या लिफाफ्यात. उघडताना घाबरला असशील. वाईट बातमी नाही. वाईट बातमी द्यायला आपल्या घरात आता माणसंच कुठं उरलीत?

तू घर घेतोयस. मला कोणी सांगितलं म्हणशील, तर कोणीच नाही. बँकेनं कर्जाबरोबर घराचा जो विमा तुझ्या गळ्यात मारला तो आमच्याच कंपनीचा निघाला. सगळ्या शाखांचे अर्ज तपासायला आमच्या खोलीत येतात, आणि सोमवारी गठ्ठ्यातून तुझा वर आला. नाव वाचायच्या आधी अक्षर ओळखलं. अजून तसंच उजवीकडे कलंडलेलं, आत्ता पडेल की मग असं.

नातेवाइकाचा अर्ज आला की शेजारच्या टेबलावर द्यायचा असा नियम आहे. शेजारी चष्मेवाला बसतो, सज्जन माणूस आहे. मी दिला नाही. खणात ठेवला नि डबा खाताना बाहेर काढून वाचला. किती वेळा वाचला ते विचारू नकोस.

घर चांगलं दिसतंय. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पत्र्याची लांबोडी खोली. 'घरात राहणारी माणसं' ह्या रकान्यात तू लिहिलंयस, स्वतः आणि मुलगी, वय एकोणीस. मला भाची आहे हे मला रकाना क्रमांक नऊमधून कळलं. आबा गेले त्या वर्षीची दिसते. वहिनीचं नाव तिथं नाही. का नाही ते विचारायचा मला हक्क नाही, म्हणून विचारत नाही.

'घरात व्यवसाय चालतो का' ह्यावर लोक डोळे मिटून 'नाही' ठोकून देतात. तू लिहिलंस, 'होय. मागच्या खोलीत सोफे, खुर्च्या, गाद्या शिवण्याचं काम. दोन मशीन, फोम, कापूस, फोम चिकटवायच्या सोल्युशनचे डबे चार, पैकी एक अर्धा.' अरे, चोवीस वर्षं अर्ज तपासतेय, अर्धा डबा कोणी लिहिलेला पाहिला नाही! मला एकटीला हसू फुटलं. चष्मेवाल्यानं वळून बघितलं म्हणून मग खोकल्यासारखं केलं.

आता कामाचं. शेवटच्या पानावर विचारलंय, याआधी तुमच्या राहत्या घराचा दावा नाकारला गेला होता का. तू 'होय' लिहून खाली कारण दिलंस: 'माझ्या कामाच्या सामानामुळे वडिलांच्या घराला आग लागली. चूक माझी.' खिळ्या, असं कोणी लिहितं का? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. एकदा स्वतःच्या चुकीनं घर जळलं आणि नव्या घरात पुन्हा तोच धंदा, असा अर्ज आमच्याकडे कोणी दुसऱ्यांदा वाचतही नाही. सरळ नामंजूर. विमा नाही तर कर्ज नाही, आणि कर्ज नाही तर घर नाही. सोबतच्या बँकेच्या कागदावर तीस तारीख घातली आहे. तोवर पॉलिसी दाखवली नाहीस तर मालक घर दुसऱ्याला विकायला मोकळा.

म्हणून कोरा अर्ज पाठवतेय. सगळं तसंच उतरव, तुझा अर्धा डबासुद्धा उतरव. फक्त शेवटच्या पानावर 'नाही' लिही. जुना विमा आबांच्या नावावर होता, तुझ्या नव्हता. तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट कोण उकरून काढतंय? अर्ज माझ्याच टेबलावरून पुढे जाणार आहे. पहिला मी फाडून टाकते.

आग लागायची ती लागली. घर जुनं होतं. चूक कोणाची नि कोणाची नाही, हे आता कशाला.

लवकर पाठव, दिवस थोडे आहेत.

तुझी
ताई


१६ नोव्हेंबर, मंगळवार

खिळ्या,

कोरा अर्ज कोराच परत आला. मागच्या बाजूला तुझ्या ओळी होत्या. त्या आता मला पाठ झाल्यात, तरी इथं लिहिते, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुलाही कळेल.

'ताई, पत्र मिळालं. खोटं लिहिणार नाही. माझ्या हातून एकदा घर जळलंय हे मी मुलीला ती लहान असतानाच सांगितलं. ती अजून झोपायच्या आधी विचारते, बाबा, डब्याची झाकणं लावली का? मी लावलेली असतात, तरी ती उठून एकदा बघून येते. असं घर खोट्यावर घेतलं तर मला त्यात झोप यायची नाही. नाही मिळालं तर नाही. तू माझ्यासाठी नोकरी धोक्यात घालू नकोस.'

आधी मी चिडले. म्हटलं, मोठा आला सत्यवादी. बहीण तळहातावर घर आणून ठेवतेय नि हा शहाणा मागे सारतोय. मग पुन्हा वाचलं. मुलगी उठून बघून येते, तिथपर्यंत आले आणि खण उघडला. तुझा पहिला अर्ज मी फाडलेला नव्हता. फाडते म्हणून लिहिलं, पण हात झाला नाही.

आता मी जे लिहिते ते सरळ लिहायला मला जमेल की नाही माहीत नाही. मध्येच थांबलेच तर तुझ्या मुलीचं वाक्य पुन्हा वाचेन.

आबांच्या घराच्या विम्याचा अर्ज मी भरला होता. कंपनीत लागून चार महिने झाले होते. आबा येईल त्याला सांगत, आता विमावाली घरातच आहे, आपल्याला कसली काळजी? तू मागच्या खोलीत खुर्ची ठोकत होतास. तोंडात खिळे धरून तसाच ओरडून विचारलंस, "ताई, माझ्या कामाचं लिहिलंस ना?" मी म्हटलं, "लिहिलं रे बाबा, तू तुझं ठोक." लिहिलं नव्हतं. त्या रकान्यात मी 'नाही' लिहिलं होतं, आणि आबांनी न वाचता सही केली.

का, ते सांगते. व्यवसाय लिहिला की कंपनीचा माणूस घर बघायला येतो. येणारा कोण, तर पाहणीवाला, निळ्या स्कूटरवाला. तो मला आवडायचा. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, पन्नाशी उलटल्यावर तुला सांगतेय, हवं तर हस. आपल्या घरात पाऊल टाकलं की आधी काय दिसायचं, तर लोकांचे पोट फाडून ठेवलेले सोफे. जुन्या कापसाचा वास. आणि तू, सोल्युशननं काळे झालेले हात अंगावरच्या बनियनला पुसत पुढे येणार आणि म्हणणार, या या, बसा. त्यानं हे बघू नये असं मला वाटलं. मला घराची लाज वाटत नव्हती, खिळ्या. तुझी वाटत होती.

वर्षभरानं तो आलाच. आग लागल्यावर आला. भिंतींना हात लावत, वाकून वायरी उचलून बघत अर्धा दिवस राखेतून फिरला. जाताना मला म्हणाला, "अर्जावरचं अक्षर तुमचं आहे." बस्स, एवढंच. पुढे कोणाला बोलला नाही, आणि माझ्याशीही बोलला नाही. काही महिन्यांत बदली घेऊन गेला. पण काम त्यानं चोख केलं होतं.

कंपनीचं पत्र आलं तेव्हा आबांचा चष्मा आगीत गेलेला होता. म्हणाले, वाच. तू दाराशी उभा होतास. पत्रात होतं ते आता शब्दाला शब्द देते: 'आगीचे कारण, स्वयंपाकघरातील जुनी वायरिंग. मागील खोलीतील सामानास आग सर्वांत शेवटी लागली. घरात चालणाऱ्या व्यवसायाची माहिती अर्जात दडविल्यामुळे दावा नामंजूर.'

मी वाचलं ते असं: 'मागील खोलीतील सामानामुळे दावा नामंजूर.' मधलं सगळं गिळलं. अर्जाचं बाहेर येऊ नये, एवढंच डोक्यात होतं. एवढ्यावर भागेल असं वाटलं. आबा तुझ्याकडे वळले नि म्हणाले, "घर खाल्लंस." आणि तू, मूर्खा, भांडलासुद्धा नाहीस. त्या दिवशी डब्याचं झाकण लावलं होतं की नाही, हेच आठवत उभा राहिलास. मी पत्र हातात धरून तिथंच होते. एक वाक्य पुरलं असतं. आज सांगते, उद्या सांगते करत राहिले, आणि चौथ्या दिवशी तू पिशवी घेऊन निघून गेलास. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

झाकण लावलेलं होतं की नव्हतं, त्यानं काहीही फरक पडत नाही. आग तुझ्या खोलीत लागलीच नव्हती. हे तू पुन्हा एकदा वाच.

काल सकाळी ते मूळ पत्र आणि त्यासोबत आलेला पाहणीचा अहवाल ट्रंकेतून काढला, वर माझा सही केलेला जबाब जोडला आणि मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. तुला आधी लिहिलं असतं तर माझी पाचावर धारण बसली असती नि कागद परत ट्रंकेत गेले असते. स्वतःला मी चांगली ओळखते. साहेबांनी सगळं वाचलं. म्हणाले, "भावाचा अर्ज दाबून ठेवलात, त्याला खोटं लिहायला कोरा कागद पाठवलात, आणि हे तेवीस वर्षं पोटात ठेवलंत?" मी म्हटलं, "हो साहेब." "मग आजच का?" मी म्हटलं, "तीस तारीख जवळ आली."

तुझा अर्ज आता चष्मेवाल्याकडे आहे. तो घर बघायला माणूस पाठवील. मागच्या खोलीची वायरिंग नवी करा, सोल्युशन लोखंडी कपाटात ठेवा असं काहीबाही सांगेल, ते निमूट कर. त्यानंतर मंजुरीला अडचण नाही असं साहेबांनी माझ्यासमोर सांगितलं. फक्त 'चूक माझी' ही तुझी ओळ तुझ्याच हातानं खोडून बाजूला सही करावी लागेल. पत्राची नक्कल सोबत आहे. ती तू वाचायच्या आधी मुलीला वाचायला दे. मला उद्यापासून कामावर यायचं नाही, चौकशी संपेपर्यंत. पुढचं बघू. माझी काळजी करायला लागशील म्हणून सांगते, लागू नकोस.

इथं पत्र संपवावं असं फार वाटतंय. तुला वाटेल ताईनं होतं ते सगळं सांगून टाकलं. पण अजून आहे.

आबा अचानक गेले असं मी कार्डावर लिहिलं होतं. अचानक नव्हते गेले. एकवीस दिवस खाटेवर होते. दुसऱ्या दिवसापासून एकच धोशा, खिळ्याला बोलव. म्हणायचे, "त्याला म्हणावं घराचं जाऊ दे, मी माफ केलंय, तू ये." तुझा पत्ता माझ्याकडे होता. मी सांगायचे, पत्र टाकलंय, येईल एवढ्यात. टाकलं नव्हतं. तू आला असतास तर दोघं आगीचं बोलला असता, आणि बोलता बोलता एकानं तरी म्हटलं असतं, ते पत्र आण बघू. मला त्याची भीती होती. रोज वाटायचं, आजचा दिवस जाऊ दे.

दार वाजलं की मान उचलायचे. दूधवाला असायचा, नाहीतर शेजारीण. शेवटी शेवटी मान उचलवत नव्हती तेव्हा माझ्याकडे बघायचे, कोण आलं ते सांग म्हणून. शेवटच्या सकाळी म्हणाले, "त्याच्या मनातून मी उतरलो." मी त्यांना पाणी पाजलं.

तुला माफ करायला आबा एकवीस दिवस थांबले होते, खिळ्या, आणि माफ करावं असं तू काही केलंच नव्हतंस.

ह्याला उत्तर लिहू नकोस. माफी मागत नाही, कारण ती मागितली की तुला काहीतरी म्हणणं भाग पडेल, आणि तू भल्या मनाचा आहेस, 'माफ केलं' म्हणून मोकळा होशील. तसं व्हायला नको.

अर्जातली ती ओळ खोडायला पेन हातात घेशील, तेव्हा वाटलं तर ह्या पत्राच्या खाली सहीचा शब्द आहे तोही खोड. मी दुसरं काय लिहू ते मला कळलं नाही.

ताई