एकशे नव्वद जागांची यादी

भिवंडी,
ता. ९ डिसेंबर १९९१

ती. केसरीनाथभाऊंना साडू बाळारामाचा नमस्कार.

पुण्याची थंडी तुमच्या गुडघ्यांना सोसवो. ताईंचा दमा कसा आहे? आमच्या मंदाचं लग्न वैशाखात ठरल्याचं कलावतीने तुम्हाला कळवलं असेलच (ती नवऱ्याला सांगण्याआधी बहिणीला कळवते).

तुमची कंपनी संगणकासाठी मराठी अक्षरं करते आहे, जागा एकशे नव्वदच आहेत, तेव्हा छापखान्यात अठ्ठावीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या माणसाने कोणती अक्षरं लागतात ते तासाभरात लिहून पाठवावं, असं तुमचं पत्र आलं. त्याला चार महिने झाले. आमचे मालक चांगदेवशेठ रोज विचारतात, कारण यादी गेली की संगणक येणार आणि खिळे भंगारात जाणार. आधी मी सोपा मार्ग धरला. झिजलेला खिळा तो लागणारा, धूळ बसलेला तो न लागणारा. श्री इतका झिजला आहे की आता बोटालाच ओळखू येतो. ङ च्या खान्यात मात्र दसऱ्याला वाहिलेलं झेंडूचं फूल निघालं, तेही बहुधा मागच्याच्या मागच्या दसऱ्याचं. ज्याच्या वाट्याला दोन वर्षांतून एक फूल येतं, त्याला बाहेर काढायला माझा हात धजेना. ठेवला.

पण खरा घोटाळा केला 'यादी' या शब्दाने. बाळाराम यादी करतोय, ही बातमी पार कोन गावापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी द्रौपदी आत्या रेशनकार्ड घेऊन छापखान्यात हजर. "माजं नाव घेतलंस का रं? मागल्या मतदार यादीत मला मेलेली दाखवलीन!" मी म्हटलं, आत्या, ही माणसांची यादी न्हाय, अक्षरांची हाय. "मंग माजं अक्षर घे. आन लिवून दे." शेवटी 'द्र घेतला' असं लिहून, छापखान्याचा शिक्का मारून दिलं, तेव्हा उठली. (तो कागद तिने देव्हाऱ्यात ठेवला आहे.) मग रांगच लागली. टेमघरचा राघो, चार पॉवरलूमचा मालक, म्हणाला, "माझा रा जरा मोठा ठेव, खर्च मी देतो." मी दमलो, भाऊ. एवढ्या माणसांना समजावण्यापेक्षा शिक्के मारणं सोपं गेलं. पण संध्याकाळी दिवा लावताना वाटायचं, यांचं काय चुकलं? यादीतून गळालेला माणूस पुन्हा कुठे सापडतो?

असो. ताईंना नमस्कार.

आपला,
बाळाराम

ता. क. – यादी सोबत आहे. नीट तपासली आहे.

ता. क. दुसरा – तिच्यात चूक काढून ती परत पाठवावी ही विनंती. मंदाची पत्रिका मला माझ्या हाताने, खिळ्यांनी जुळवायची आहे. तेवढा वैशाख येईपर्यंत खिळे राहू द्या. चूक शोधण्याचा तुम्हाला त्रास नको म्हणून ळ मीच गाळला आहे. तुमचे साहेब परप्रांतातले, त्यांच्या ध्यानात यायचं नाही, पण तुम्ही आठवणीने दाखवा. नाहीतर संगणक येईल, पत्रिकाही छापून निघेल, फक्त मुलीच्या बापाचं नाव तिच्यात उमटायचं नाही.