भेटायची वेळ संपली

१ मार्च
आले एकदाची नव्या गावी, नव्या घरी! दोनच खोल्या, पण ऊन भरपूर. सामान अजून खोक्यांत आहे, तरी सोबत आधी आणली: प्राण्यांच्या आश्रयगृहातली मांजर. चौदा वर्षांची, मधुमेही, निम्मे दात पडलेले आणि तोरा महाराणीचा. तिची मालकीण, कुणी शिंपीणबाई, वारली. मी हिला आजीबाई म्हणते. ताईने फोनवर विचारलं की रिटायर होऊनही हौस फिटली नाही का. नाही फिटली. जन्मभर वॉर्डात सिस्टर होते, सुया टोचायला हात शिवशिवतात.

५ मार्च
मानेमागची कातडी चिमटीत धरून इन्सुलिन देते. आजीबाई फक्त तुच्छतेने कान हलवते. दुपारी माझ्या पोटाला टेकून झोपली. इतकं बरं वाटलं की चहाला उठलेच नाही.

९ मार्च
तिची साखर वाढलीय. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारलं, दूध पाजता का म्हणून. मला! घरी येऊन पाहते तर बशीत दूध. चाखलं. चांगलं गोडमिट्ट. शेजारीण शपथेवर नाही म्हणते, आणि किल्ली तर माझ्याकडेच असते.

११ मार्च
आश्रयगृहाच्या बाईंना फोन केला. शिंपीणबाई रोज दुपारी ‘ये गं बाळा’ म्हणत हिला गोड दूध पाजायची. डॉक्टरांनी बजावलं तरी ऐकली नाही. फार जीव होता म्हणे. असल्या मायेला काय जाळायचंय?
ही हाक मी काल ऐकली. भर दुपारी, स्वयंपाकघरातून. रेडिओ असेल म्हटलं. माझा रेडिओ अजून खोक्यात आहे.

१४ मार्च
बशी फोडली. दूध माझ्या ताटलीत आलं. ताटल्या उचलल्या, तर फरशीवर. आजीबाई चाटत होती आणि तिच्या पाठीवरचे केस कुणी हात फिरवावा तसे दबत होते.
घाबरले, खोटं कशाला लिहू. पण पेशंटच्या उशीखाली मिठाई लपवणारे नातेवाईक मी कायम हाकलत आले. ओरडून सांगितलं, भेटायची वेळ संपली, बाई. ही माझी पेशंट आहे.

१६ मार्च
आजीबाईचे मागचे पाय लटपटतात. असंच चाललं तर ती आठवडाही काढणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताई म्हणते, परत देऊन टाक. पण ती शिंपीणबाई तिथेही जाईल, आणि तिथे तिला अडवणारं कोण आहे?
दूध पुसलं, पुन्हा आलं. शेवटी आजीबाईला आतल्या खोलीत कोंडलं आणि मीच वाकून पिऊन टाकलं. मग नाही आलं.

१७ मार्च
पुन्हा प्यायले. भांडी आपटली तिने. आपटू दे! आजीबाईची साखर उतरलीय.

१९ मार्च
आजीबाई आज नीट पाय टाकत चालली. माझ्या चपलेशी भांडली. रडले मी.
आज भांडी आपटली नाहीत. दूध जास्त होतं. कोमट.

२१ मार्च
हाक आली. आजीबाईने ढुंकूनही पाहिलं नाही. मी मात्र उठले. उठायचं ठरवलं नव्हतं—
माझ्या केसांवरून हात. गार. कानामागे—

२२ मार्च
खाली बसून प्यायला बरं— नाही. नाही! मी माणूस आहे. सिस्टर आहे. हे घर माझं—

२३ मार्च
आजीबाईला शेजारणीकडे ठेवलं. तिला सुई टोचायला शिकवलं. सुटली माझी म्हातारी. ऐकलंस, बाई? ती तुला मिळणार नाही.
मीही निघणार होते. उंबऱ्यावरून परत आले— दुपार झाली होती—
हाक मारतेय. एका हाताने टेबल धरलंय. जीव गेला तरी जाणार नाही. बाळा म्हणतेय. मी कुणाची बाळ नाही. नाही जाणार. नाही जा—