पुस्तकात ती पोचते

प्रिय ताई,

एक प्रश्न विचारते, आणि आधीच कबूल करते की त्याचं उत्तर मला येत नाही. गोष्ट नक्की कुणाची असते? जिनं लिहिली तिची, ज्यांनी पडद्यावर दाखवली त्यांची, की जी ती ऐकत बसते तिची? साहित्य घेऊन बी.ए. झाले. घरातली पहिली पदवी म्हणून आईनं माझं प्रमाणपत्र काचेत घालून भिंतीवर लावलंय आणि कुणीही आलं की आधी ते दाखवते, मग पाणी देते. पण हा प्रश्न कुणी परीक्षेत विचारला असता, तर मी कोरा पेपर देऊन उठले असते.

तू लिहिलं होतंस की दुसऱ्या पाळीमुळे तुझा मिठागरवाल्या मालिकेचा तिसरा सीझन हुकला, शेवट काय झाला ते कळव. शेवट चार ओळींत सांगता आला असता. पण ह्या मालिकेमुळे आपल्या घरात जे झालं ते चार ओळींत मावत नाही. तुझी पत्रं अजूनही वाचनालयाच्या पत्त्यावरच येतात. मी तिथे कामाला लागल्यापासून टपालाचा गठ्ठा आधी माझ्याच हातात पडतो, त्यामुळे कुणाला कळत नाही. आईला तुझा ठावठिकाणा सांगायचा नाही, हा शब्द तू माझ्याकडून घेतलास त्याला आता सहा वर्षं झाली.

तू गेल्यानंतरचं घर तुला माहीत नाही. ती दुपार मात्र तुलाही पाठ असेल. तू म्हणालीस, मोठ्या कारखान्यात काजाच्या मशीनवर जागा आहे, मी जाते. आईच्या मांडीवर सदरा होता, हातात सुई आणि अर्धवट घातलेलं काज. ती म्हणाली, माझ्या हातांवर मशीन घालायला निघालीस, तर पुन्हा ह्या दारात उभी राहू नकोस. आणि तू म्हणालीस, बोलावलंस तरी येणार नाही. एकाच कातरीची दोन पाती तुम्ही. मधे जे येईल ते कापलं जाणार, आणि मधे मी होते.

त्यानंतर आई माझ्याशी दोनच वाक्यं बोलायची, 'दिवा लाव' आणि 'सुई ओव'. एका सदऱ्याला सात काजं, दिवसाला आठ-नऊ सदरे, आणि तोंडातून चकार शब्द नाही. ती शांतता मला सोसेना, म्हणून मी कॉलेजच्या ग्रंथालयातून सगळ्यात जाड कादंबरी उचलून आणली आणि संध्याकाळी तिला मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. दुकानांच्या पाट्या आणि स्वतःचं नाव सोडलं तर तिला वाचता येत नाही, पण तिचे हात गुंतलेले असले तरी कान मोकळे होते. जाडीवर गेले, मागचं पान वाचलं नाही, ही माझी चूक. मिठागरात राबणारी एक बाई, तिची थोरली मुलगी भांडून होडीत बसून निघून जाते, आणि बाई खिडकीत बसून धक्क्याकडे जाणाऱ्या बांधावरच्या वाटेकडे बघत राहते. तिसऱ्या प्रकरणात माझ्या लक्षात आलं की मी घरात काय आणून ठेवलंय. पुस्तक मिटायला गेले, तर आईनं मान वर न करता विचारलं, "पुढे?" किती दिवसांनी तिनं मला काहीतरी विचारलं होतं! मग काय, आठ महिने पुढे-पुढे करत राहिले.

शेवटचं प्रकरण मी दुपारी ग्रंथालयातच वाचून काढलं. अकरा वर्षांनी मुलगी परत येते. घराला कुलूप असतं. आई आठवड्यापूर्वीच गेलेली असते. मुलगी पायरीवर बसते आणि तळहातावरचं मीठ चाटते, बस्स. मी तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले. संध्याकाळी आईसमोर वाचत त्या कुलपापर्यंत आले आणि माझ्याच्यानं पुढे जाववेना. डोळे पानावर ठेवून मी मनानंच बोलायला लागले. कुलूप नाही, दार उघडं आहे. आई आत उभी आहे. ती एवढंच म्हणते, पाय झटकून ये, घरात मीठ येतं.

ताई, आईची सुई थांबली. मी जन्मापासून बघतेय, कुणी मेल्याचं कळलं तरी हातातलं काज पुरं केल्याशिवाय ती सुई खाली ठेवत नाही. त्या दिवशी अर्ध्यात ठेवली. म्हणाली, परत वाच तेवढं. पानावर नसलेलं परत कसं वाचायचं? आठवेल तसं बोलले, तर लगेच म्हणाली, "मघाशी 'पाय झटकून ये' म्हणाली होती ना ती? आता 'पुसून' कशी म्हणते?" लेखिका खुद्द समोर असती तरी इतकं बारीक लक्ष देऊन कुणी तिचं ऐकलं नसतं.

तेव्हापासून तो शेवट आईचा झाला. सदऱ्यांचे गठ्ठे आणून देणाऱ्या कटरकाकांना तिनं तो सांगितला, शेजारणींना सांगितला, नळावर सांगितला. "पुस्तकात ती पोचते," असं म्हणायची, जणू बातमी आली आहे.

आणि मग त्याच कादंबरीवरची मालिका आली. पहिल्या सीझनचा पहिला भाग बघून मी वेडी व्हायची बाकी होते. पुस्तकात मीठ तयार होण्याचं वर्णन चौदा पानं आहे, सुंदर आहे, पण चौदा पानं! इथे दोन मिनिटं कुणी एक शब्द बोललं नाही. पाणी होतं, ऊन होतं, आणि बघता बघता पाण्याच्या कडेला पांढरी रेघ उमटली. मला वाटायचं, पुस्तकावरून केलेलं काहीही पुस्तकापेक्षा उणंच असणार. तसा निबंधही मी लिहिला होता, त्याला चांगले गुण पडले होते. त्या रेघेनं माझा निबंध खोडून टाकला. आई मात्र हातांकडे बघत होती. "मिठात राबणाऱ्या बाईचे हात असे होय? हिनं तर साधं भांडंही घासलेलं दिसत नाही." पाचव्या भागापासून त्या नटीच्या बोटांवर भेगा दिसायला लागल्या, तेव्हा आईनं समाधानानं मान हलवली. जणू तिचंच ऐकून सुधारणा केली होती.

दुसरा सीझन तू पाहिलास, त्यामुळे जास्त लिहीत नाही. पुस्तकात नसलेला तो फौजदार कुठून उपटला कोण जाणे. कटरकाका सगळं मापातच बोलतात. ते म्हणाले, गोष्ट चार बोटं लांब झाली. आई म्हणाली, कापड थोडं आणि झोळच फार. पण एक सांगते. त्यात लग्नाचा प्रसंग होता, साठ वर्षांपूर्वीचा काळ, आणि नवऱ्यामुलाचा सदरा अगदी जवळून दाखवला. आई पटकन पुढे वाकली. "ही काजं मशीनची आहेत. तेव्हा कुठली मशीन?" एवढ्या मोठ्या मालिकेतली, एवढ्या जाणकार माणसांची चूक तिनं बसल्या जागी पकडली! मग बऱ्याच वेळानं, दुसरंच काही चाललेलं असताना, ती हळूच म्हणाली, "सफाई आहे पण." कटरकाकांनी उगाच चष्मा पुसला.

तिसऱ्या सीझनची जाहिरात लागली. शेवट जवळ येत होता. टीव्ही बिघडावा म्हणून मी काय काय मनात आणलं ते लिहायला लाज वाटते. शेवटच्या भागाला कटरकाका आणि दोन शेजारणी मुद्दाम आपल्याकडे आल्या, कारण ह्या घरातल्या बाईला शेवट आधीच माहीत होता! आणि पडद्यावर कुलूप आलं. ताई, तो शेवट इतका सुरेख केलाय त्यांनी. संगीत नाही, रडणं नाही. ती मुलगी कुलूप हातात धरते आणि ते गंजलेलं नसतं, नवं असतं. फार उशीर झालेला नाही, थोडाच झालाय, हे त्या नव्या कुलपातून कळतं. पुस्तकात हे नाही. माझे डोळे भरून आले होते आणि त्याच क्षणी आई ताडकन उठली. "खोटं दाखवतात हे! पुस्तकात ती पोचते. सांग गं ह्यांना, तू वाचलंयस." सगळे माझ्याकडे बघायला लागले, माझ्या मागे भिंतीवर ते प्रमाणपत्र. मी म्हणाले, "हो. पुस्तकात पोचते."

दुसऱ्या दिवशी आईनं मला कागद-पेन घेऊन बसवलं. वाहिनीला तक्रारीचं पत्र लिहायचं. ती सांगणार, मी लिहिणार. "सप्रेम नमस्कार. तुम्ही लबाडी केली आहे. आम्ही पुस्तक पूर्ण ऐकलेलं आहे. आमची मुलगी पदवीधर आहे, ती कधी खोटं वाचणार नाही." हे चौथं वाक्य माझ्याच्यानं लिहून झालं नाही. मी पेन खाली ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता ती मला मारेल, किंवा तुझ्यासारखंच माझ्याशीही बोलणं टाकेल. पण तिनं गठ्ठ्यातला सदरा ओढला, सुई ओवली, स्वतःच ओवली, आणि म्हणाली, "आण पुस्तक. जे लिहिलंय ते वाच."

मी वाचलं. एक अक्षर गाळलं नाही. माझा आवाज दोनदा फुटला, तिची सुई एकदाही थांबली नाही. संपल्यावर तिनं दोरा दातानं तोडला आणि मग जे बोलली ते मी तसंच्या तसं लिहिते आहे, कारण माझ्या तीन वर्षांच्या शिक्षणात मला असं कुणी काही शिकवलेलं नाही. ती म्हणाली, "टीव्हीवाल्यांनी बरोबर दाखवलं, मी उगाच शिव्या दिल्या. ते नवं कुलूप पुस्तकापेक्षा चांगलं. तुझा शेवट गोड होता पण ढिला होता. ओढला की उसवणार. अकरा वर्षं न आलेली पोर एकाएकी कशी येईल? तिला काय स्वप्न पडलं?" मग ती म्हणाली, "आणि एक सांग. पुस्तकात सातशे-आठशे पानं, टीव्हीवर तीन वर्षं, ती बाई आपली खिडकीत बसून आहे. वाट बघते, वाट बघते. एवढी शिकलेली माणसं तुम्ही. हिला पाय नाहीत का, असं कुणीच कसं विचारलं नाही?"

ताई, त्या कादंबरीवर मी शेवटच्या वर्षाचा प्रकल्प लिहिला आहे, आमच्या सरांनी व्याख्यान दिलं आहे, मालिकेवरची पानं-पानं भरून आलेली परीक्षणं मी वाचनालयात कापून ठेवली आहेत. खिडकी म्हणजे काय, मीठ म्हणजे काय, सगळ्यावर सगळ्यांनी लिहिलं. तिला पाय होते हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. दोन यत्तासुद्धा न शिकलेल्या बाईनं काज करता करता ते बघितलं. तिनं हातातला सदरा घडी केला, मांडीवर ठेवला आणि त्याच्यावरून नुसता हात फिरवत बसली. ती मिठागरातल्या बाईचा विचार करत नव्हती, हे कळायला पदवी लागत नाही.

पाचव्या दिवशी कटरकाकांना म्हणाली, शनिवारी-रविवारी गठ्ठा आणू नका. ते म्हणाले, बरी आहेस ना वहिनी? ती म्हणाली, पायांना काही झालेलं नाही. ते गेल्यावर माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "ती कुठे असते ते तुला माहीत आहे ना? मला ठाऊक आहे, तुला माहीत आहे." तू म्हणाली होतीस की बोलावलं तरी येणार नाही, म्हणून ती तुला बोलवत नाहीये, एवढं मला समजलं. तुला दिलेला शब्द डोळ्यांपुढे होता. सहा वर्षांत तो मी एकदाही मोडला नव्हता आणि त्याचा मला अभिमानही होता. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. आणि तुझी परवानगी येईपर्यंत मला तिला खिडकीत बसवायचं नव्हतं. म्हणून तुझा पत्ता मी तिला मोठ्या अक्षरात लिहून दिला, तीनदा म्हणून घेतला, आणि शनिवारच्या रात्रीच्या गाडीचं तिचं एकटीचं तिकीट काढून आले. रविवारी सकाळी सातला ती तुझ्या गावात उतरेल.

तुझीच,
धाकटी